घाटाचा राजा आणि सात दिवसांची सायकल

मराठीत 'खेळ' हा शब्द फार ऐसपैस आहे. मैदानावर होतो तो खेळ, रंगमंचावर नाटकाचा लागतो तोही खेळ, आणि बाजाराच्या दिवशी डोंबारी दोरावर चालून दाखवतो तोही खेळच. पण खेळ करणारा माणूस समोर आला की भाषा एकाएकी सावध होते. मैदानावरच्या माणसाला ती 'खेळाडू' म्हणते, रंगमंचावरच्याला 'नट' किंवा 'कलावंत', आणि दोरावरच्याला मात्र त्याच्या जातीच्याच नावाने हाक मारते. खेळ एक, पण खेळणाऱ्यांच्या पायऱ्या तीन. या पायऱ्या कौशल्याने ठरत नाहीत. खेळातून पोट भरायचे की नाही, भरायचे तर कोणाच्या हातून, यावर त्या ठरतात.

साहित्याच्या आणि नाटकाच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न नवा नाही. 'हौशी' आणि 'व्यावसायिक' ही जोडी आपण रंगभूमीच्या इतिहासात शिकतो. 'व्यावसायिक' हा शब्द स्थिरावण्यापूर्वी त्या जागी 'धंदेवाईक' हा शब्द सर्रास वापरला जात असे, आणि त्यात नाक मुरडण्याचा भाव असे, हेही आपल्याला ठाऊक असते. नाटकाने ती अढी बऱ्याच अंशी पार केली. खेळाच्या बाबतीत ती कितपत पार झाली, हे पाहण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात एक अगदी साधे वाहन निवडले आहे: सायकल. जगात बीएमएक्स आणि माउंटन बाइक या दोन प्रकारांनी अवघ्या पंचवीस वर्षांत पूर्णवेळ, पगारी, नामवंत सायकलस्वारांचा एक वर्ग घडवला. आपल्याकडे तसा वर्ग का घडला नाही, की तो घडला होता आणि आपण त्याला ओळखले नाही, हा आमचा प्रश्न आहे. आणि तो विचारण्यासाठी पनवेलच्या रस्त्यावर उभे राहण्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

पनवेल हे मुळातच वाटेवरचे गाव. देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून घाट उतरायचा, पनवेलच्या बंदरात गलबतांत भरला जायचा आणि मुंबईला जायचा. १८३० साली सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असताना बोरघाटातून चाकाच्या गाड्या जातील असा रस्ता खुला झाला आणि मुंबई-पुणे प्रवासात पनवेलचे महत्त्व आणखी वाढले. मुंबईहून होडीने पनवेल, तेथून गाडीने घाट, असा तो मार्ग होता. पुढे १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, पण ती कर्जतवरून गेली. पनवेल सुमारे शंभर वर्षे रेल्वेवाचून राहिले. रस्ता मात्र राहिला. पनवेल, पळस्पे फाटा, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली आणि मग घाट: ही नावे मोटारीतून जाणाऱ्यांना पाट्यांसारखी दिसतात, सायकलवरून जाणाऱ्यांना ती मांड्यांत जाणवतात.

या घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. त्याची कथा या बाजूच्या लोकांना पाठ आहे. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने आपल्या देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि त्याला गोळी घालण्यात आली. ही लोककथा आहे, तिच्याकडून कागदपत्रांचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण लोककथा ज्या अनुभवातून उपजते तो अनुभव खरा असतो. डोंगर ज्याच्या पायांना ठाऊक असतो त्याला त्या ठाऊकपणाचा मोबदला मिळत नाही, हे या कथेला नेमके कळलेले आहे. घाटातून जाणारे ड्रायव्हर आजही देवळाकडे नाणे टाकतात. वाट दाखवल्याची मजुरी शिंग्रोबाला अशी मरणोत्तर, सुट्ट्या पैशांत मिळते आहे.

याच घाटाने मराठी क्रीडाजगताला त्याची सर्वांत काव्यमय पदवी दिली. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही देशातील जुन्या आणि गाजलेल्या रस्ता-शर्यतींपैकी एक. सुमारे दीडशे किलोमीटरच्या या शर्यतीत खोपोलीपर्यंतचा रस्ता बहुतांशी सपाट, आणि त्यानंतर खंडाळ्यापर्यंत सुमारे पाचशे मीटरांची उभी चढण. ही चढण जो सर्वांत आधी पार करील त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. शर्यत कोण जिंकले हे लोक विसरत, घाटाचा राजा कोण झाला हे मात्र लक्षात ठेवत.

शर्यतीच्या दिवशी पळस्पे फाट्यावर उभे राहिलेल्या मुलांपैकी आम्ही आहोत. आधी पोलिसांची गाडी, मग शिट्ट्या, मग एक सरसर आवाज, आणि पन्नास-साठ रंगीत बनियनांचा झुबका डोळ्यांसमोरून निघून जाई. सगळे मिळून अर्ध्या मिनिटाचे काम. मागे राहिलेला एखादा एकटा स्वार आला की आम्ही त्याच्यासाठी जास्त ओरडत असू. त्या मुलांना पडलेला एक प्रश्न मात्र कोणीही सोडवला नाही: हे लोक उद्या काय करतात? उत्तर पुढे कळले. उद्या ते कामावर जातात. कोणी रेल्वेत, कोणी पोलीस खात्यात, कोणी सैन्यात, कोणी वडिलांच्या दुकानात. राजाचे राज्य रविवारपुरते. त्याला मुकुट होता, टाळ्या होत्या, वर्तमानपत्रात फोटो होता. राजकोश तेवढा नव्हता.

याला केवळ दारिद्र्य कारणीभूत होते असे म्हणता येणार नाही. सायकलस्वारी ही आपल्याकडे आली तीच मुळी हौशी आदर्श घेऊन. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतले सहा पारशी तरुण सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले तिघे, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा, मार्च १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर कापून परतले. इराणचे वाळवंट, सिनाई, आल्प्स, अमेरिका, जपान, कोरिया. त्यांनी लिहिलेल्या प्रवासवृत्तान्ताला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना लाभली. एवढ्या मोठ्या पराक्रमानंतर हे तिघे कोणत्या सायकल कंपनीचे पगारी स्वार झाले नाहीत, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही. पराक्रमाचे फळ कीर्ती, आणि कीर्तीचे फळ म्हणजे घरी परत येणे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचे सायकलपटू उतरले तेव्हा त्यांत आदी हवेवाला, रोहिंटन नोबल अशी मुंबईची पारशी नावे होती. हौस परवडणाऱ्या समाजातून खेळाडू यावेत, हे त्या काळच्या ऑलिंपिक तत्त्वज्ञानाशी सुसंगतच होते. 'हौसेला मोल नसते' ही आपली म्हण त्या तत्त्वज्ञानाचे मराठी भाषांतर म्हणून शोभावी. फक्त तिचा दुसरा अर्थ असा, की हौसेचे मोल कोणी देतही नाही.

येथपर्यंतचा इतिहास क्रीडापानांवरचा आहे. पण सायकलवर पोट भरणारा मराठी माणूस क्रीडापानावर शोधून सापडणार नाही. तो दुसरीकडे होता.

१८८० साली विष्णुपंत छत्रे यांनी आपली सर्कस सुरू केली आणि भारतीय सर्कशीचा आरंभ झाला. त्यानंतर सांगली-मिरज-तासगावच्या पट्ट्यातून एकामागून एक मराठी सर्कशी निघाल्या. सायकल देशात रुळली तशी ती तंबूतही शिरली. एका चाकावर चालणे, हँडलवर उभे राहणे, एका सायकलवर आठ-दहा जणांचा मनोरा, धावती सायकल सुटी करत करत शेवटी एकाच चाकावर फेरी पूर्ण करणारा विदूषक, हे सर्कशीच्या प्रत्येक खेळातले ठरलेले प्रकार होते. पुण्यात १९०२ साली जन्मलेले दामू धोत्रे पुढे अमेरिकेतील रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघसिंहांचे शिक्षक म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या सुरुवातीच्या कामगिरीत सायकलवरच्या कसरती होत्या. तंबूतला हा सायकलस्वार पगारी होता, पूर्णवेळ होता, रोज सराव करत होता आणि दिवसाला दोन-तीन खेळ करत होता. व्यावसायिकतेची कोणतीही व्याख्या घ्या, तो तिच्यात बसतो.

आणि तंबूबाहेर, सर्कस पोचत नसे अशा गावांत, एकटा हिंडणारा त्याचा भाऊबंद होता. ज्यांचे बालपण १९९० पूर्वीच्या महाराष्ट्रात गेले त्यांना 'सात दिवसांची सायकल' वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. शाळेच्या मैदानावर किंवा बाजारतळावर एक गोल आखला जाई, मध्ये खांब, खांबावर कर्णा, कर्ण्यावर सिनेमाची गाणी. एक कृश माणूस सायकलवर बसे आणि सात दिवस, सात रात्री खाली उतरणार नाही असे जाहीर करी. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीही सायकलवरच. संध्याकाळी गर्दी जमली की खेळ रंगात येई. चालत्या सायकलवरून वाकून जमिनीवरची नोट तोंडाने उचलणे, पुढचे चाक हवेत धरून फेरी मारणे, सायकल जागच्या जागी तोलून उभी करणे, छातीवर ट्यूबलाइट फोडून घेणे. लोक त्याच्या सदऱ्याला टाचणीने नोटा लावत. आठव्या दिवशी गावातला कोणी प्रतिष्ठित माणूस हार घालून त्याला खाली उतरवी. मग तो आपला बाडबिस्तरा बांधून पुढच्या गावी जाई.

पुढचे चाक हवेत धरणे, जागच्या जागी तोल सांभाळणे, मागच्या चाकावर गिरकी घेणे: याच गोष्टी पुढे 'फ्रीस्टाइल' या नावाने जगभरच्या स्पर्धांत गुण मिळवू लागल्या. आमच्या बाजारतळावरचा माणूस त्या साध्या, बाविसाव्या इंचाच्या, जड लोखंडी सायकलवर करत होता. कौशल्याचा अभाव होता असे म्हणण्याची सोय उरत नाही. अभाव होता तो नावाचा. त्याला 'सायकलवाला' म्हणत. 'सायकलपटू' म्हणत नसत.

आता आपण थोडे दूर जाऊ, कारण हाच प्रवास दुसऱ्या एका ठिकाणी उलट दिशेने झाला. १९६३ मध्ये अमेरिकेतील श्विन कंपनीने उंच हँडलाची, वीस इंची चाकांची 'स्टिंग-रे' नावाची मुलांची सायकल बाजारात आणली. दक्षिण कॅलिफोर्नियातील मुले तीवर बसून मोटारसायकलच्या मोटोक्रॉस शर्यतींची नक्कल करू लागली. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये लाँग बीच येथे स्कॉट ब्रायथॉप्ट या तेरा वर्षांच्या मुलाने एका मोकळ्या जागेत अशी शर्यत भरवली, प्रत्येकाकडून पंचवीस सेंट प्रवेशशुल्क घेतले आणि मोटारसायकल शर्यतींत स्वतः मिळवलेले चषक बक्षीस म्हणून दिले. आमच्या मते बीएमएक्सच्या इतिहासात त्या मातीतल्या उड्यांइतकेच हे पंचवीस सेंट महत्त्वाचे आहेत. पोरखेळाला पहिल्याच वर्षी दर लागला. पुढील सात वर्षांत या खेळाला वाहिलेले नियतकालिक निघाले, दोन राष्ट्रीय संघटना उभ्या राहिल्या, सायकल कंपन्यांनी आपापल्या नावाचे संघ काढले आणि बक्षिसाच्या रकमेसाठी खेळणाऱ्यांचा वेगळा गट निर्माण झाला. स्टू थॉमसनसारख्या विशीतल्या मुलांची नावे सायकलींच्या जाहिरातींत झळकू लागली.

माउंटन बाइकची कथा थोडी उत्तरेला, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरीन परगण्यात घडली. तिथल्या काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरांच्या सायकली भंगारातून काढल्या आणि डोंगरावरच्या कच्च्या वाटेने त्या खाली सोडण्याचा नाद लावून घेतला. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली रीतसर शर्यत लावली. वाट सुमारे सव्वातीन किलोमीटर, उतार सुमारे चारशे मीटर. उतारावर मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून धूर होई, आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. म्हणून शर्यतीचे नावच 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे, असे पडले. त्या टोळक्यातल्या जो ब्रीझने १९७७ मध्ये डोंगरासाठी खास सांगाडा बनवला, टॉम रिची सांगाडे घडवू लागला, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ मध्ये 'माउंटनबाइक्स' या नावाने दुकानदारी सुरू केली, केलीने मासिक चालवले. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची कारखान्यात बनलेली माउंटन बाइक विक्रीस आली, १९८३ मध्ये संघटना झाली, १९९० मध्ये कोलोरॅडोतील डुरँगो येथे अधिकृत जागतिक अजिंक्यपद झाले आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला प्रवेश मिळाला. बीएमएक्स शर्यत २००८ मध्ये बीजिंगला आली. फ्रीस्टाइल टोकियोला, २०२१ मध्ये. बीएमएक्समधून सुरुवात करून माउंटन बाइकमध्ये आणि पक्क्या रस्त्यावरही नाव कमावलेला जॉन टोमॅक हा या नव्या वर्गाचा नमुना. त्याला दुसरी नोकरी नव्हती. सायकल चालवणे हेच त्याचे काम होते आणि ते काम आहे हे सर्वांना मान्य होते.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. रीपॅकवरचे तरुण आणि आमचा सात दिवसांचा सायकलवाला यांच्यात सामाजिक दृष्ट्या फार अंतर नव्हते. तेही भणंगच समजले जात, त्यांच्याही सायकली जुन्या बाजारातल्या होत्या, त्यांचाही खेळ सभ्य क्रीडासंस्थांना आरंभी मान्य नव्हता. फरक पडला तो मधल्या कड्यांमुळे. स्वार, सांगाडा बनवणारा, दुकानदार, मासिकाचा संपादक आणि संघटक हे तिथे एकाच टोळक्यातले होते, पुष्कळदा एकच माणूस यांतली दोन-तीन कामे करत होता. त्यामुळे स्वाराच्या उडीचा फायदा सायकल विकणाऱ्याला झाला आणि विकणाऱ्याने त्यातला वाटा स्वाराला देणे त्याला परवडले. व्यावसायिक खेळाडू हा गुणवत्तेतून आपोआप उगवत नाही. त्याच्या भोवती देण्याघेण्याची एक साखळी लागते.

आपल्याकडे ही साखळी जोडली जाण्यासारखी परिस्थिती नव्हती असे नाही, पण प्रत्येक कडी वेगळ्या खुंटीला टांगलेली होती. स्वातंत्र्याच्या आगेमागे सायकलींचे मोठे कारखाने निघाले: मुंबईत वरळीला हिंद सायकल, मद्रासजवळ टीआय, सोनीपतला ॲटलस, आणि १९५६ मध्ये लुधियानात हीरो. पण ज्या देशात सायकल दूधवाल्याची, पोस्टमनची आणि गिरणीकामगाराची आहे तिथे ती विकण्यासाठी राजा लागत नाही. मागणी आधीच दारात उभी असते. घाटाच्या राजाने जिंकलेल्या शर्यतीमुळे एक जादा सायकल खपेल असे कोणत्याही कारखानदाराला वाटण्याचे कारण नव्हते. पुढे जाड टायरांची, सरळ हँडलाची 'रेंजर' आली, आणि मुलांनी हट्ट धरून ती मिळवली. इतकी, की 'रेंजर' हे त्या घडणीच्या सगळ्याच सायकलींचे सामान्यनाम झाले. पण रेंजर घेऊन मुलगा शिकवणीला गेला, डोंगरावर गेला नाही. १९९२ साली 'जो जीता वही सिकंदर' या चित्रपटाने सायकल शर्यतीचे वेड घरोघर पोचवले. तेही महाविद्यालयीन वयाचे, म्हणजे पुन्हा हौसेचेच, वेड होते.

कुस्तीशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. पैलवानालाही पोट असते आणि ते मोठे असते, हे आपल्या समाजाने फार पूर्वी मान्य केले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याला राजाश्रय दिला, खासबाग मैदान बांधले. संस्थाने गेल्यावर साखर कारखान्यांनी मानधनावर पैलवान ठेवले. गावोगावच्या जत्रांतून इनामाच्या कुस्त्या चालूच राहिल्या. म्हणजे खेळातून पोट भरण्याला मराठी समाजाचा तत्त्वतः विरोध नव्हता. पैलवान गावाचा होता, तालमीचा होता, त्याच्या विजयात गावाची इभ्रत होती. सायकलस्वार मात्र कोणाचाच नव्हता. तो गावातून जाणारा होता. शर्यतीतला स्वार अर्ध्या मिनिटात पळस्पे ओलांडून जाई, सात दिवसांचा सायकलवाला आठव्या दिवशी. वाटेवरच्या माणसाला टाळी मिळते, आश्रय मिळत नाही. पनवेलसारख्या वाटेवरच्या गावाला हे कळायला हवे होते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र बदलले, पण कसे बदलले ते बारकाईने पाहिले पाहिजे. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या गटात पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. समर्थ पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिव्होस्तोक ही नऊ हजारांहून अधिक किलोमीटरची शर्यत पार करून आले. २०१९ मध्ये पनवेलच्या शेजारचे, नवी मुंबईचे कबीर राचुरे यांनी अमेरिकेची तीच शर्यत एकट्याने पुरी केली. ते व्यवसायाने वकील. २०१४ पासून पुणे ते गोवा अशी 'डेक्कन क्लिफहँगर' शर्यत भरू लागली आणि या मार्गाला जाणाऱ्यांना दारातच पात्रता मिळवण्याची सोय झाली.

या सर्वांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे. पण नावांपुढची उपपदे पाहावीत: डॉक्टर, डॉक्टर, लष्करी अधिकारी, डॉक्टर, वकील. सायकलने त्यांना घडवले असेल, पोसले नाही. उलट त्यांनीच आपल्या मिळकतीतून, मित्रांच्या वर्गणीतून आणि मिळतील त्या प्रायोजकांतून सायकलला पोसले. १९२३ च्या पारशी तरुणांची परंपरा शंभर वर्षांनंतरही अखंड आहे: मोठा पराक्रम, स्वखर्चाने. आमच्या घाटाच्या राजाला निदान रेल्वेची नोकरी सायकलमुळे मिळे. नव्या राजांना सायकल परवडते ती नोकरीमुळे.

खरा बदल शोधायचा तर तो या झगमगाटापासून बाजूला, संगमनेरसारख्या गावी शोधावा लागतो. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने माउंटन बाइकमध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत भारताचे प्रतिनिधित्व केले. महानगराबाहेरची, कच्च्या रस्त्यावर तयार झालेली मुलगी या महागड्या खेळात वर येते, याचा अर्थ साखळीच्या काही कड्या तरी जुळू लागल्या आहेत. पुण्यात बालेवाडीला १९९४ च्या राष्ट्रीय खेळांच्या निमित्ताने उभारलेला सायकलिंगचा ट्रॅक आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. 'खेलो इंडिया' योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज महिन्याला दहा हजार रुपये खर्चासाठी मिळतात. ज्या मुलामुलींच्या एका चांगल्या सायकलची किंमत बापाच्या वर्षाच्या मिळकतीहून जास्त असते, त्यांच्या घरी या दहा हजारांना काय अर्थ आहे हे वेगळे सांगायला नको. मात्र येथेही पगार देणारे सरकार आहे, आणि त्याने देऊ केलेले अंतिम बक्षीस म्हणजे नोकरी. खेळाडूने खेळ थांबवून टेबलामागे बसावे, हा आपल्याकडे खेळातल्या यशाचा कळस आहे. संस्थानिक गेले, आश्रयाची कल्पना तीच राहिली.

दरम्यान जगात आणखी एक वळण आले, आणि ते आमच्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. २००९ मध्ये स्कॉटलंडचा डॅनी मॅकॲस्किल हा सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा तरुण एडिंबरोच्या रस्त्यांवर, कुंपणांवर आणि कठड्यांवर सायकल चालवताना चित्रित झाला. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि तो पूर्णवेळ सायकलस्वार झाला. त्याने शर्यत जिंकली नव्हती. त्याने खेळ करून दाखवला होता. व्यावसायिक स्वार आता घड्याळाकडून पुन्हा गर्दीकडे वळला आहे, वेगाकडून कसरतीकडे, म्हणजे नेमका आमच्या बाजारतळाकडे. सदऱ्याला टाचलेल्या नोटांची जागा प्रायोजकाच्या चिन्हांनी घेतली, एवढाच फरक. आमचा सायकलवाला काळाच्या मागे होता असे आम्ही समजत आलो. तो पुढे होता, आणि त्याला वारस मिळाला नाही. दूरचित्रवाणी गावात आली, बाजारतळावर गाळे बांधले गेले, आणि सात दिवसांची सायकल केव्हा यायची बंद झाली हे कोणी टिपूनही ठेवले नाही. त्या माणसांची नावे कोणत्याही संघटनेच्या दप्तरात नाहीत. पनवेलच्या, किंवा कोणत्याही गावच्या, इतिहासात त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर 'पुणे ग्रँड टूर' ही आंतरराष्ट्रीय दर्जाची अनेक टप्प्यांची शर्यत झाली. चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर, परदेशी संघ, पगारी स्वार. सह्याद्रीच्या चढणींवर जगातले व्यावसायिक सायकलपटू आले, हे स्वागतार्हच आहे. रस्ते त्यासाठी नीट केले गेले, मुले कडेला उभी राहिली. त्या मुलांनाही तोच प्रश्न पडला असेल: हे लोक उद्या काय करतात? या वेळी उत्तर निराळे होते. उद्या ते पुन्हा सायकल चालवतात. हे उत्तर मराठी मुलाने ऐकणे, त्यावर विश्वास ठेवणे आणि घरी जाऊन ते आईबापांना सांगू शकणे, यालाच आम्ही या खेळाचा उदय म्हणू. पदके त्यानंतर येतात.

इतिहासलेखनापुरते बोलायचे तर आमचे म्हणणे एवढेच आहे, की महाराष्ट्रात सायकलस्वाराचे पोट आणि त्याची प्रतिष्ठा ही दोन चाके दोन वेगळ्या वाहनांना लागलेली होती. ज्याला प्रतिष्ठा होती त्याला मोबदला नव्हता, ज्याला मोबदला होता त्याला प्रतिष्ठा नव्हती. घाटाचा राजा आणि सात दिवसांचा सायकलवाला यांची कधी गाठ पडली नाही, ना मैदानावर, ना कागदावर. दोघांचा इतिहास एकत्र लिहिला गेला तर आपल्याकडे व्यावसायिक सायकलस्वार नव्हता, हे विधान मागे घ्यावे लागेल, आणि तो होता पण आपण त्याला खेळाडू म्हटले नाही, हे लिहावे लागेल.

२००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यापासून पनवेलचा जुना रस्ता थोडा मोकळा झाला आहे. द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई, म्हणून रविवारी पहाटे पनवेल-नवी मुंबईकडचे सायकलस्वार जुन्या रस्त्यानेच खोपोलीकडे निघतात. हेल्मेट, दिवे, पाण्याच्या बाटल्या, मनगटावर ठोके मोजणारे घड्याळ. बहुतेकांना सोमवारी कामावर जायचे असते. घाटात शिंग्रोबाच्या देवळापाशी काही जण दम घ्यायला थांबतात. सायकलच्या कपड्यांना धड खिसाही नसतो. तरी एखादा कुठूनसे नाणे काढतो, देवळाकडे टाकतो, आणि पुन्हा पेडलवर पाय ठेवतो.